आठवी आसरा

आमच्या घरात घोंगडी विहिरीवर धुवायची नाही, असा नियम होता. धनगराचं घर, त्यामुळं घोंगड्यांना तोटा नव्हता. आजोबांच्या काळात मेंढरं होती. तेव्हाच्या लोकरीची काळी, जड, खरबरीत घोंगडी खाटेवर, माळ्यावर, कणगीवर, जिकडं बघावं तिकडं पसरलेली असायची. पुढं मेंढरं गेली, रान कॅनॉलखाली आलं, ऊस उभा राहिला, तात्यांनी म्हणजे माझ्या चुलत्यांनी ट्रॅक्टर घेतला, तरी घोंगडी काही हलली नाहीत. ती धुवायचा दिवस उजाडला की अंगणात गुऱ्हाळाची जुनी काहील मांडायची, घागरीनं पाणी वाहून आणायचं आणि आई, काकू, मी अशा सगळ्यांनी काहिलीत उतरून लेझीम खेळल्यासारखं ती तुडवायची. विहीर अंगणापासून हाकेवर. तिला दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या शेजारी धुण्याची ऐसपैस शिळा. तरी आमचा नाच अंगणातच. मला वाटायचं, सगळ्या जगात घोंगडी अशीच धुतात. शेजारच्या वस्तीवरच्या बायका खुशाल विहिरीवर घोंगडं आपटताना दिसल्या तेव्हा मी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "आत्याला इचारू नगंस." आत्याला विचारायचं नाही म्हटल्यावर मी तात्यांना विचारलं.

तात्यांनी सांगितलं ते असं. आबा, म्हणजे माझे वडील, यांना दोन बहिणी. थोरली सोनाक्का, ती आमची आत्या. धाकटी गजरा. मी जन्मण्याच्या कितीतरी आधी त्या दोघी घोंगडी धुवायला विहिरीवर गेल्या होत्या. भिजलेलं घोंगडं शिळेवरून घसरलं, गजरा ते धरायला वाकली आणि घोंगड्याच्या वजनानं तीही पाण्यात गेली. सोनाक्का खालच्या पायरीवर उभी. पोहायला दोघींनाही येत नव्हतं. बाप्ये मेंढरं घेऊन सुप्याच्या माळाकडं गेलेले, बाया खुरपायला लांब रानात. सोनाक्कानं हाका मारमारून आवाज बसवून घेतला. तो पुढं जन्मभर थोडा बसलेलाच राहिला. आम्ही पोरं तिच्या त्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करायचो. हे कळल्यावर मी तरी केली नाही.

वस्तीवर सगळे म्हणाले, आसरांनी पोर नेली. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. आमच्याकडं विहीर, ओढा, डोह, जिथं पाणी तिथं काठावर सात दगड शेंदूर लावून मांडलेले असतात, आणि राखणीला जवळच एक म्हसोबा. आमच्याही विहिरीवर होते. सोनाक्का सणसरला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती परत आली आणि आली ती घराचा कारभार हातात घेऊनच. त्या सात दगडांचाही. दर शुक्रवारी दहीभाताचा नैवेद्य, अमावास्येला लिंबू, वर्षातून एकदा सातजणींच्या ओट्या, हिरव्या बांगड्या, खण. देवावर प्रेम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आत्याचं तसं नव्हतं. सावकाराच्या दारात उभं राहावं तशी ती त्या दगडांपुढं उभी राहायची. आणि घरातल्या पोरींसाठी तिचा हुकूम एकच होता: वरच्या तीन पायऱ्या आपल्या, त्याच्या खाली पाऊल टाकायचं नाही.

पोरांना मात्र मुभा. कॅनॉलला पाणी सुटलं की पाझरानं आमची विहीर तुडुंब भरायची आणि मग सुट्टीच्या दिवशी सकाळपासून धप्प, धप्प सुरू. तात्या सगळ्या वस्तीचे पोहण्याचे मास्तर. डिझेलचा रिकामा कॅन बूच घट्ट लावून पोराच्या पाठीला बांधायचे आणि पोराला सरळ काठावरून ढकलून द्यायचे. पोरगं बुडबुडत, शिव्या देत, डिझेलचा वास घेत वर यायचं आणि आठवड्याभरात मासा व्हायचं. माझ्यापेक्षा लहान, नाक पुसता न येणारी पोरं तळाची माती मुठीत घेऊन वर यायची आणि मला दाखवायची. मी उंबऱ्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची. फोडता फोडता कान विहिरीकडं. उडी कुणाची चुकली, कुणाचं पोट पाण्यावर आपटलं, हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं.

मला पोहायचं होतं. त्याला काही कारण नव्हतं, आणि कारण नसलेली इच्छा फार हट्टी असते. शाळेत असताना एकदा मी आत्याजवळ हट्ट धरला, तेव्हा तिनं आसरांना कौल लावला. कौल म्हणजे जोंधळ्याचे दोन दाणे ओले करून दगडाच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायचे आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. डावा पडला. आत्यानं सुटकेचा श्वास टाकलेला मी स्वतः पाहिला. त्यानंतर आबांनी तो विषयच बंद केला. "एक दिली पाण्याला, बास झालं," असं ते म्हणाले आणि उठून गेले. आबा कमी बोलायचे, त्यामुळं त्यांचं बोललेलं खोडायला कुणी धजत नसे.

बारावी झाली आणि मी बारामतीच्या कॉलेजात जाऊ लागले. शेळगावच्या फाट्यावरून सकाळची एसटी, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, खिडकीतून लांबवर ऊस. कारखान्याचा भोंगा ऐकू आला की बस वेळेत आहे, नाही आला तर धावपळ. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली पोरगी, आणि तेही इंग्रजी घेऊन. इंग्रजी का, असं कुणी विचारलं तर तात्या सांगायचे, "मराठीत भांडून तिचं पोट भरंना."

इंग्रजीला आम्हाला इनामदार सर होते. उंच, वाकलेले, खडूनं कायम पांढरे झालेले. त्यांना एक खोड होती. धडा शिकवता शिकवता एखाद्या शब्दापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "हा सोलून बघू." मग धडा राहायचा बाजूला. परीक्षेला त्याचा काडीइतका उपयोग नव्हता, म्हणून मागची बाकं त्या वेळात झोपून घ्यायची. मी जागी असायची. घरी ऊस सोलून खाण्यात वाढलेली मी, मला ते सोलणं आवडायचं.

त्या दिवशी धड्यात एक खलाशी होता आणि त्याला समुद्रात मरमेड दिसते असा प्रसंग होता. सरांनी पुस्तक खाली ठेवलं, फळ्यावर तो शब्द लिहिला आणि मधोमध खडूनं रेघ मारली. म्हणाले, "पहिला तुकडा मिअर. फार जुना शब्द. जुने इंग्रज लोक समुद्राला मिअर म्हणत आणि तळ्यालाही. साठलेलं मोठं पाणी म्हणजे मिअर. आता तो एकटा फारसा कुठं दिसत नाही, काही तळ्यांच्या नावांच्या शेवटी शिल्लक आहे, आणि इथं. दुसरा तुकडा मेड. म्हणजे लग्न न झालेली मुलगी. आता जोडा." कुणीच जोडेना म्हणून त्यांनीच जोडलं. "पाण्यातली मुलगी. संपलं."

मागच्या बाकावरून एकजण जागा झाला. "आणि सर, शेपूट?"

"शेपूट शब्दात नाही," सर म्हणाले. "मासा शब्दात कुठंच नाही. शेपूट गोष्टी सांगणाऱ्यांनी आणि चित्रं काढणाऱ्यांनी लावलं. शब्दात दोनच गोष्टी आहेत, पाणी आणि पोरगी."

मी कशी उभी राहिले ते मला आजही कळत नाही. सबंध सहामाहीत मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. म्हणाले, "सर, आमच्या विहिरीवर पण हायत. आसरा." वर्ग हसला. हायत म्हटल्याला हसला की आसरांना, कोण जाणे. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, किती आहेत? मी म्हटलं, सात. मग त्यांनी मरमेडच्या खाली अप्सरा लिहिलं आणि तिथंही रेघ मारली. अप् म्हणजे पाणी. सरा हा सरणं, चालणं यातला. पाण्यातून चालणारी. बोलता बोलता झिजून ती आपल्या गावात आसरा झाली. "बघा," सर म्हणाले, "ते लोक कुठं, आपण कुठं. कुणी कुणाला विचारायला गेलं नाही. पण दोघांनाही पाण्याकडं बघून बाईच दिसली." तेवढ्यात तास संपला. मी पुढं तीस-बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि दरवर्षी हा शब्द मुलांना सोलून दाखवला. हल्लीच्या मुलांना मरमेड कार्टूनमुळं आधीच पाठ असते, तिच्या शेपटीचा रंगसुद्धा. शेपूट शब्दात नाही म्हटलं की ती माझ्याकडं संशयानं बघतात.

घरी आले तेव्हा आत्या चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. आबा आणि तात्या जेवायला बसलेले, ताटात हुलग्याचं माडगं वाफाळत होतं. मला कधी एकदा सांगते असं झालेलं. मी हात न धुताच सांगून टाकलं की इंग्रजांच्या मुलखातसुद्धा आसरा आहे.

आत्यानं मान वर केली. "साती हायत व्हय तिकडं?"

"न्हाय, एकच दिसली धड्यात. कमरेच्या खाली मासोळी."

"मासोळी?" आत्या विचारात पडली. "मग जोडवी कुठं घालती?"

तात्यांच्या नाकात माडगं गेलं. आत्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. तिच्या दृष्टीनं हा खरा पेच होता. "आन ओटी कशी भरायची तिची? मांडीच न्हाय. भरली तर घरंगळून पाण्यात जायची की. राखणीला म्हसोबा तरी हाय का?"

"धड्यात नव्हता," मी म्हटलं.

"एकली ठिवलीय तिला," आत्या म्हणाली. इंग्रजांबद्दल तिचं मत आधीच फारसं बरं नव्हतं.

मग मी सरांनी सोललेला शब्द सांगितला. मासोळी नंतर लोकांनी जोडली, मूळ शब्दात नाही. आत्या थापता थापता ऐकत होती. तिनं विचारलं, "मग काय हाय शब्दात? देवी?"

"देवीबी न्हाय. नुसती पोर. पाण्यातली पोर."

"लगीन झालेली?"

"न्हाय. बिनलग्नाची. तसंच हाय शब्दात."

आत्याचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली, पण मला बघत होती असं नाही. आबांनी ताटावरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तव्यावरच्या भाकरीचा वास सुटला. सोनाक्काच्या हातून भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. तिनं ती निमूट उलथली, कोंबड्यांसाठी बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

पुढच्या शुक्रवारी विहिरीवर आठवा दगड होता. कॅनॉलच्या पात्रातला असावा, गुळगुळीत, लहानसा. सातांच्या रांगेत नाही, हातभर अंतर सोडून. त्याला शेंदूर लावलेला होता पण कुंकू नव्हतं. तात्यांनी बघितलं आणि दुपारपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं की सोनाक्कानं विलायती आसरा बसवली. आत्यानं ना हो म्हटलं, ना नाही. त्यामुळं लोकांनी हो धरलं.

त्यानंतर महिनाभर आमच्या घरी जी मजा झाली ती आठवली तरी मला हसू येतं. बायका बघायला यायच्या. एकीनं विचारलं, हिला नैवेद्याला पाव ठेवायचा का. एक म्हातारबाबा लांबून काठी टेकत आले, दगडाला निरखून बघितलं आणि म्हणाले, "रंगानं तर आपल्यातलीच दिसती." कळस झाला दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. इंग्रजीत नापास होण्याची खात्री असलेली पोरं नारळ घेऊन यायला लागली. म्हणजे गणितवाली नाहीत, फक्त इंग्रजीवाली. एकानं तर पास झालो तर तुझ्या नावानं पेढे वाटीन असा नवस इंग्रजीतून बोलायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात अडकला. बाकीचा मराठीत पुरा केला. माझी लाजेनं मान खाली. ही बातमी बसमधून बारामतीला पोचली. इनामदार सरांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुमच्या विहिरीवर इंग्रजी सुधारतं म्हणे. आपल्या वर्गाची एक सहल काढू या का?" मी म्हटलं, सर, तुमच्यामुळंच झालं हे. ते म्हणाले, "मी फक्त शब्द सोलला. दगड मी मांडला नाही." आणि खो खो हसत निघून गेले.

पण एक गोष्ट मला खटकत होती. सातजणींना आत्या हिरव्या बांगड्या, खण ठेवायची. आठवीपुढं ते काहीच नाही. तिच्यापुढं लाल रिबीन असायची, शाळेतल्या पोरी वेणीला बांधतात तशी. आणि दहीभाताऐवजी रेवड्या. तात्यांनी एकदा विचारलंच, "आक्का, इंग्रजीन रेवड्या खाती व्हय?" आत्या म्हणाली, "पोरच हाय ना ती. पोरीला खाऊ लागतो." तात्या हसायला गेले आणि मधेच थांबले. त्यांचं ते थांबणं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी बसमधून उतरले ती सरळ विहिरीकडं गेले. उन्हं कलली होती. आत्या आठव्या दगडापाशी बसली होती आणि रिबिनीची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "आत्या, ही इंग्रजीन न्हाय ना?"

"गजरीला रेवड्या लई आवडायच्या," आत्या म्हणाली. ते नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "समदी म्हनली, आसरांनी नेली, आता ती त्यांच्यातलीच झाली. मग म्या त्या साती जणींचंच करीत ऱ्हायले. वाटायचं, त्यांचं केलं की त्या तिला नीट सांबाळतील. पर त्या देवी गं. सवाष्णी. चुडा भरलेल्या. आन आपली गजरी नाकात शेंबूड असलेली पोर. त्यांच्या रांगंत तिला बसवायचं तरी कुठं? तिला काय म्हनायचं ह्येच मला ठावं नव्हतं." तिनं रिबिनीची गाठ एकदाची मारली. "तू त्या दिवशी आलीस आन म्हनलीस, पान्यातली पोर. देवी न्हाय, मासोळी न्हाय. नुसती पोर. तवा म्या म्हनलं, हा, ही तर आपलीच."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एवढी वर्षं ती बाई सात परक्या बहिणींची मर्जी राखत होती, धाकटीला त्यांनी नीट वागवावं म्हणून. आम्ही समजत होतो, आत्या देवभोळी आहे. इनामदार सर फळ्यावरचा शब्द पुसून घरी गेले होते, आणि इकडं त्या शब्दानं आमच्या आत्याची बहीण तिला परत दिली होती. सरांना मी हे पुढं सांगितलं. ते बराच वेळ खडू नसलेला हात झटकत राहिले.

त्या रडण्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, मला पवायला शिकू दे."

आत्या माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, "शुक्रवारी इचारू."

शुक्रवारी सगळं घर विहिरीवर. आई, काकू, तात्या, आणि नको नको म्हणत आबासुद्धा. कॅनॉलचं आवर्तन सुरू होतं, पाणी वरून चौथ्या-पाचव्या पायरीला लागलेलं. आत्यानं सात दगडांना नैवेद्य दाखवला आणि कौल लावायला वळली ती आठव्या दगडाकडं. आबा म्हणाले, "आक्का, कौल मोठ्यांस्नी लावायचा असतो. हिला कसला लावतीस?"

"त्यांस्नी मागं लावला हुता," आत्या म्हणाली. "त्यांस्नी काय, पोरी गेल्या तर त्यांचं गोकुळ वाढतं. म्या हिला इचारनार. बुडाली ती ही. हिलाच ठावं."

तिनं दोन दाणे ओले करून चिकटवले आणि हात जोडले. आम्ही सगळे त्या दोन दाण्यांकडं डोळे फाडून बघत उभे. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज तेवढा चालू होता. मला आयुष्यात पुढं परीक्षांचे निकाल, नोकरीची मुलाखत, बाळंतपणं सगळं आलं, पण तशी छाती कधी धडधडली नाही. दाणे सुकत आले तरी एकही हलेना. तात्या कुजबुजले, "इंग्रजीतनं इचारायला पायजे व्हतं." आईनं त्यांना चिमटा काढला. आणि उजवा दाणा घसरला, दगडावरून गडगडत येऊन आत्याच्या पायाशी पडला.

आत्या उठली नाही. दगडाकडं बघतच म्हणाली, "ही दुसरं काय म्हनंल? म्हनंल, शिक बाई. मला कुनी शिकवलं न्हाय."

आबा पाठ फिरवून घराकडं चालू लागले. तात्या माझ्याकडं बघून खांदे उडवू लागले. आबांनी नाही म्हटलं तर दहा कौल उजवे पडले तरी उपयोग नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. थोड्या वेळानं आबा परत आले. खांद्यावर मोटेचा जुना नाडा होता, मनगटाएवढा जाड, मोट बंद झाल्यापासून गोठ्यात टांगलेला. त्यांनी तो माझ्या कमरेला स्वतः बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, दुसरं टोक आपल्या हाताला वेढलं आणि म्हणाले, "मी हाय हितं." एवढंच.

शिकणं काही शोभेचं नव्हतं. अंगात पंजाबी ड्रेस, पाठीला डिझेलचा कॅन, कमरेला बैलाला शोभेल असा नाडा. आत्यानं काठी घेऊन सगळ्या पोरांना हाकलून लावलं होतं, पण त्यांचे आवाज उसातून येतच होते. तात्यांनी मला ढकललं नाही, ती सवलत फक्त मला. मी पायऱ्या उतरत गेले, तिसरी, चौथी, आणि पाचवीवर पाय ठेवला तसं पाणी इतकं गार लागलं की मी तात्यांचं मनगट पकडून ओरडले. पहिले काही दिवस मी विहीर प्याले म्हणायला हरकत नाही. थोडं पाणी तोंडात गेलं की आबा नाडा असा ओढायचे की मी काठावर आपटायची. तात्या चिडायचे, "आबा, पोरीला पवायला शिकवतोय का मोट हाकतोय?" आबा ओशाळून नाडा सैल सोडायचे आणि पुढच्याच घोटाला पुन्हा ओढायचे. पण एक दिवस तात्यांनी मला न सांगता कॅन सोडला आणि मी या काठावरून त्या काठाला गेले. पलीकडच्या कपारीला हात लागला तेव्हा मला कळलं की पाठ हलकी आहे. वळून बघितलं तर आबांच्या हातातला नाडा मी जाईन तसा सुटत गेला होता आणि आबा हसत होते. आबांचे दात मला तेव्हा नीट दिसले.

त्यानंतर आमच्या वस्तीवरच्या पोरी पोहायला लागल्या. सासरी जाण्याआधी पोरीला विहीर ओलांडता आली पाहिजे, असा नवाच नियम आत्यानं काढला आणि तो मोडायची कुणाची छाती झाली नाही. आता ती विहीर गाळानं भरली आहे, माझ्या चुलतभावानं बोअर घेतलं आहे, आणि बारामतीत पोरी टोप्या-चष्मे घालून शिट्टीच्या तालावर पोहायला शिकतात. मी नातीला सोडायला जाते. तिथल्या निळ्या पाण्याकडं बघत बाकावर बसले की मला दरवेळी एकच दिवस आठवतो.

तो उन्हाळ्याच्या सुट्टीतला. सकाळची वेळ, मी पोहून वर आले होते, आबा नाड्याची वेटोळी करत होते. आत्या पायरीवर बसून बघत होती. ती उठली, लुगड्याचा काचा मारला, पदर कमरेला घट्ट खोचला आणि तात्यांना म्हणाली, "तो कॅन बांध मला."

तात्यांना थट्टा वाटली. आत्याचा चेहरा बघून त्यांनी मुकाट्यानं कॅन बांधला. आबांनी वेटोळं सोडलं आणि बहिणीच्या कमरेला नाडा बांधायला लागले, पण गाठ दोनदा सुटली, शेवटी ती मला मारावी लागली. आत्या एक एक पायरी उतरत गेली. सगळ्यांत खालच्या कोरड्या पायरीवर ती थांबली. तिथूनच तिनं कधीतरी हाका मारल्या होत्या. मग तिनं डोळे मिटले आणि अंग पाण्यात सोडून दिलं.

लुगडं फुगलं, कॅननं तिला उचललं, आणि आमची आत्या विहिरीच्या मधोमध तरंगायला लागली. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. हात थोडे हलवून बघितले. आणि ती हसली. घोगरं, मोकळं, मोठ्यानं. विहिरीनं ते हसू घेऊन दुप्पट करून वर पाठवलं. आबा काठावर उभे राहून लहान पोरासारखे रडत होते. तात्यांना भीती वाटायला लागली. ते म्हणाले, "बास आता आक्का, पाणी गार हाय. ये वर."

"थांब की जरा," आत्या पाण्यातून म्हणाली. "सारा जलम काठावरच बसलीया मी."

आबांनी नाडा आणखी थोडा सैल सोडला.